नऊचे सहा

एक ते दहा, शमसा सिस्टर विचारते,
किती?
तिच्या हातात बॉलपेन. माझ्या कुशीत
कुणीतरी पाना लावून उलटा आवळतंय.

मी आयटीआयचा फिटर, मापं मला कळतात.
आठ इंची फ्लँज, आठ बोल्ट, समोरासमोरचे आधी.
पण हे कुठल्या पट्टीनं मोजू?
आमच्याकडे दुखण्याला आकडे नसतात, क्रियापदं असतात.
दात ठणकतो. गळू ठसठसतं. भाजलं की चरचरतं.
पाठीत उसण भरते, डोळ्यात खुपतं,
आणि कमरेतून निघून जांघेत उतरते
ती ही. कळ.
तिला हिंदीत काय म्हणतात
ते सोहारमध्ये रात्री पावणेतीनला आठवेना.

नऊ, म्हणालो.
दहा राखून ठेवला. परक्या मुलखात
माणसानं थोडं शिल्लक ठेवावं.

कॅम्पच्या ड्रायव्हरनं दारात उतरवलं नि गेला,
त्याची पहाटेची फेरी होती.
छताला अठ्ठावीस फरशा. एकीवर पाण्याचा डाग.
मी बायकोचा नंबर उघडत होतो, बंद करत होतो.
करमाळ्यात सव्वाचार वाजले असतील.
सांगितलं असतं तर उठून बसली असती,
झोपलेल्या पोरीचं पांघरूण उगाच सारखं करत.
दुखणं वाटलं की हलकं होतं म्हणतात.
मध्ये समुद्र असला की
वाटलं तरी दोघांकडेही अख्खंच उरतं.

तेवढ्यात मोतालेब आला.
माझ्या वरच्या बंकवरचा मोतालेब,
ज्याच्याशी अकरा दिवस अबोला.
कारण एवढंच की सुकटीसारखं काहीतरी,
शुटकी म्हणतो तो,
माझ्या तव्यावर भाजलं.
मी आईवरून बोललो होतो.
त्यानंही काही शिल्लक ठेवलं नव्हतं.

लुंगीवरच चालत आला होता, वर कंपनीचं जॅकेट.
बोलला नाही. स्टूल ओढलं,
माझा डावा तळवा मांडीवर घेतला
आणि अंगठ्यानं दाबत राहिला,
पाइपात बसलेला गाळ
बाहेरून ठोकत ठोकत सरकवावा तसा.
कळ आली की मी पाय झटकायचो.
तो सोडायचा नाही.
आसछे, म्हणायचा. मग थोड्या वेळानं: जाबे.
येतेय. जाईल.
तीन वर्षं एका खोलीत राहून
त्याच्या भाषेतले मला नीट समजलेले हे दोनच शब्द,
शिव्या सोडून.

शमसा परत आली. किती?
मी आत जाऊन बघून आलो. सहा.
तिनं सलाइनकडे पाहिलं, मग ट्रेकडे.
सुई अजून टोपणातच होती.
पेन जरा थांबलं,
मग तिनं सहा लिहिला
आणि मोतालेबसाठी पाण्याची बाटली आणून ठेवली.

खडा तिथंच होता, तसूभरही हललेला नाही.
मला हे अजून पटत नाही.
तळव्याची नस मूत्रपिंडाला जात नाही,
आणि माया म्हणावी
तर तिचाही आमच्यात पत्ता नव्हता.
तरीही तीन कुठं गेले?
त्याच्या अंगठ्यात गेले म्हणावं
तर तो दुसऱ्या दिवशी ड्युटीवर
नेहमीसारखाच वेल्डिंग करत होता.

चौथ्या दिवशी पडला, गाळणीत.
मोहरीपेक्षा बारीक, वर काटे.
बाटलीच्या झाकणात घेऊन मोतालेबला दाखवला.
एतोटुकू? म्हणाला,
आणि बंकवरून पडेल इतका हसला.

संध्याकाळी त्यानं तवा मागून घेतला,
पहिल्यांदाच, विचारून.
मी एसी बंद केला, खिडकी सताड उघडली.
वास पडद्यांत, उशीत, माझ्या धुतलेल्या शर्टात.
त्या वेळी कुणी विचारलं असतं, किती?
तर आठ म्हणालो असतो.